बाज्जोच्या मागची जागा

परवा संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या एक वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात पिठाचा डबा, म्हणजे गिरणीतून परस्पर आल्या होत्या. घरात कन्नड, बाहेर मराठी आणि राग आला की दोन्ही, असं त्यांचं बोलणं. मुलगा पीयूसीच्या पहिल्या वर्षाला आहे. फुटबॉल खेळतो, बरा खेळतो. तो आठवडाभर मैदानावर गेला नव्हता. कारण काय, तर शिकवणाऱ्या सरांनी त्याला पुढच्या फळीतून काढून बचावफळीच्या जरा पुढे उभं केलं होतं. "'मागं टाकलं मला' म्हणून बसलाय बघा. मी म्हटलं, इर्ली बिडो, खेळायला तर मिळतंय ना? तर जेवणावर राग. तुम्ही जरा सांगा की सर, तुमचं ऐकतोय."

मी शिकवतो साहित्य. फुटबॉलमधलं माझं ज्ञान टीव्हीपुढे जागून काढलेल्या रात्रींचं. पण 'मागं टाकलं' हे शब्द कानावर पडले आणि आंद्रेआ पिर्लो आठवला. ९ जुलै २००६ ची रात्र अनेकांच्या लक्षात असेल. बर्लिनमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना, झिदानची ती डोक्याची धडक, मग पेनल्टी आणि इटली विश्वविजेती. त्या सामन्यात इटलीच्या बरोबरीच्या गोलसाठी कॉर्नर मारला पिर्लोने, पेनल्टींच्या फैरीत पहिला चेंडू जाळ्यात मारला पिर्लोने, आणि सामन्याचा उत्कृष्ट खेळाडूही तोच ठरला. आम्ही सगळे मात्र दुसऱ्या दिवशी झिदानबद्दलच बोलत होतो. तसा तो माणूस गप्पांमध्ये येत नाही. चेहऱ्यावर काही दिसत नाही, पळताना घाई दिसत नाही.

हा विश्वचषक जिंकणारा सत्तावीस वर्षांचा पिर्लो जगाला ठाऊक आहे. एकविसाव्या वर्षी 'याचं काही खरं नाही' असं ज्याच्याबद्दल वाटू लागलं होतं, तो पिर्लो फारसा कुणाच्या लक्षात नाही. मला त्या मुलाला सांगायचा होता तो हा दुसरा.

त्याचा जन्म १९ मे १९७९ चा, उत्तर इटलीतल्या ब्रेशा शहराजवळच्या फ्लेरो गावचा. वडिलांचा लोखंड-पोलादाचा व्यवसाय, घरचं बरं. म्हणजे गरिबीतून वर आलेला खेळाडू वगैरे गोष्ट इथे नाही. आधी गावचा संघ, मग व्होलुंतास नावाचा ब्रेशातला मुलांचा क्लब आणि तिथून ब्रेशाच्या मोठ्या क्लबची मुलांची शाखा. मुलगा इतरांपेक्षा फार पुढे होता आणि त्याचा त्याला त्रास झाला. आपल्या २०१३ सालच्या आत्मकथनात त्याने लिहिलंय की बाकीच्या मुलांचे आईबाप कडेला उभे राहून टोमणे मारायचे, हा स्वतःला माराडोना समजतो की काय म्हणून. ते कानावर पडू नये म्हणून वडील मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहत. चौदा वर्षांचा असताना इंटरच्या मुलांविरुद्धच्या एका सामन्यात तर त्याच्याच संघातल्या मुलांनी त्याला चेंडू द्यायचाच नाही असं ठरवलं. तो मागत राहिला, ते न ऐकल्यासारखं करत राहिले. पोरगं भर मैदानात रडलं. मग कुणी चेंडू देत नाही म्हटल्यावर स्वतःच जाऊन मिळवायला लागलं.

ही गोष्ट मी मुद्दाम वहिनींनाही सांगितली. रविवारी सकाळी आपल्याकडेही मैदानाच्या कडेला पालक उभे असतात. कोण काय ओरडतं तेही सगळ्यांना ऐकू येतं.

२१ मे १९९५ रोजी, सोळावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते, तेव्हा ब्रेशाने त्याला रेज्जानाविरुद्ध मैदानात उतरवलं. इटलीतल्या सर्वांत वरच्या साखळीत, म्हणजे 'सेरी आ'मध्ये, ब्रेशाकडून इतक्या लहान वयात तोवर कुणी खेळलं नव्हतं. संघ तसाही खालच्या श्रेणीत ढकलला जाणार होता, तेव्हा पोराला खेळवून बघण्यात धोका काही नव्हता. पुढच्या वर्षी तो पुन्हा मुलांच्याच संघात खेळला आणि १९९६ ची व्हियारेज्जोची प्रसिद्ध युवा स्पर्धा ब्रेशाने जिंकली. १९९७ ला संघ वर आला, १९९८ ला पुन्हा खाली गेला. पण एव्हाना पिर्लोकडे सगळ्यांचं लक्ष गेलं होतं. १९९८ च्या उन्हाळ्यात, एकोणिसाव्या वर्षी, मिलान शहरातल्या इंटर या बलाढ्य क्लबने त्याला उचललं.

तो खेळायचा ती जागा आता नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. इटालियनमध्ये तिला 'त्रेक्वार्ती' म्हणतात, शब्दशः तीन चतुर्थांश, म्हणजे आपल्या भाषेत पाऊण. पाऊण मैदान ओलांडलं की मधली फळी आणि पुढचे गोल करणारे यांच्यामध्ये जो उभा असतो तो त्रेक्वार्तिस्ता. पाठीवर बहुतेक १० नंबर. इटलीत या जागेचं कौतुक इतकं की कारकिर्दी तिच्यावर घडल्या आणि तिच्यावरच मोडल्या. रॉबेर्तो बाज्जो हा या जागेचा अनभिषिक्त राजा. आणि गंमत अशी की ज्या उन्हाळ्यात पिर्लो इंटरमध्ये आला त्याच उन्हाळ्यात बाज्जोही तिथेच आला. १० नंबरचा शर्ट अर्थातच बाज्जोला. त्याच्याखेरीज जोर्काएफ होता, पुढे रोनाल्डो होता, झामोरानो होता. या गर्दीत एकोणीस वर्षांच्या मुलाला विचारतो कोण?

विचारायला माणूस तरी एक हवा ना! १९९८-९९ च्या त्या एका मोसमात इंटरने चार प्रशिक्षक पाहिले : सिमोनी, लुचेस्कू, कास्तेल्लीनी, हॉजसन. त्यातले मिर्चा लुचेस्कू म्हणजे ब्रेशाचे जुने प्रशिक्षकच, पण तेही मार्चपर्यंतच टिकले. संघ आठवा आला. पिर्लो साखळीत १८ सामने खेळला, बरेचसे तुकड्यातुकड्यांनी. वर्षात चार वर्गशिक्षक बदलले तर वर्गातल्या गप्प बसणाऱ्या मुलाचं काय होतं, हे माझ्या पेशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पुढच्या वर्षी मार्चेल्लो लिप्पी प्रशिक्षक झाले आणि पिर्लोला 'उसना' देण्यात आलं. युरोपातल्या फुटबॉलमध्ये ही पद्धत सर्रास आहे. खेळाडू मालकीचा एका क्लबचा, एक वर्ष खेळायचा दुसऱ्याकडून. पिर्लो गेला इटलीच्या पार दक्षिण टोकाला, रेज्जो कालाब्रिया या शहरात. तिथला रेज्जीना क्लब इतिहासात पहिल्यांदाच सेरी आमध्ये आला होता. तिथे तो २८ सामने खेळला, ६ गोल केले आणि त्या लहानशा क्लबने वरच्या श्रेणीतली आपली जागा राखली. त्याच वर्षी तिथे आणखी एक उसना मुलगा होता, रॉबेर्तो बारोनियो. तोही ब्रेशा जिल्ह्यातलाच, वयाने दीड वर्षाने मोठा, मालकी लाझिओची. बारोनियो मागून खेळ रचायचा, पिर्लो पुढे. हे नाव लक्षात ठेवा.

२००० च्या उन्हाळ्यात एकवीस वर्षांखालील युरोपीय स्पर्धा स्लोव्हाकियात झाली. पिर्लो कर्णधार होता. ब्रातिस्लाव्हात चेक संघाविरुद्ध अंतिम सामना २-१ असा जिंकला आणि इटलीचे दोन्ही गोल पिर्लोचे, एक पेनल्टीवर, एक फ्री किकवर. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच. या संघाचे प्रशिक्षक होते मार्को तार्देल्ली. ऑक्टोबर २००० मध्ये इंटरने लिप्पींना काढलं (साखळीचा पहिलाच सामना हरले, तोही रेज्जीनाकडून!) आणि त्यांच्या जागी हेच तार्देल्ली आले. कुणालाही वाटेल की आता पिर्लोचे दिवस फिरले. ज्या मुलाने चार महिन्यांपूर्वी आपल्याला चषक मिळवून दिला त्याला हा माणूस डोक्यावर घेईल. प्रत्यक्षात झालं उलटंच. त्या मोसमात इंटरकडून पिर्लो साखळीत ४ सामने खेळला. तार्देल्लींबद्दलची नाराजी त्याने पुढे आत्मकथनात लपवलेली नाही. मोठ्या क्लबमध्ये प्रशिक्षकाला पुढचा रविवार गाठायचा असतो, होतकरू मुलाचं भविष्य त्याला परवडत नाही, अशी तार्देल्लींची बाजू मांडता येईल. मला ती पुरेशी वाटत नाही.

एकविसावं वर्ष, मोठ्या क्लबचा शिक्का, आणि बाकावर बसून राहणं. घरी परत जाण्यात कमीपणा वाटावा असंच हे वय. पण जानेवारी २००१ मध्ये पिर्लो घरी परत गेला, ब्रेशाला, पुन्हा उसनाच.

तिथे दोन माणसं त्याची वाट पाहत होती म्हणायला हरकत नाही. एक कार्लो मात्सोने, प्रशिक्षक, जन्म १९३७ चा, रोमचा, अस्सल रोमन बोलीत मोठ्याने बोलणारा. सेरी आमध्ये ७९२ सामने प्रशिक्षकाच्या बाकावर बसण्याचा विक्रम या माणसाच्या नावावर आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो गेला. दुसरा रॉबेर्तो बाज्जो. इंटरमधून बाहेर पडून तो २००० साली ब्रेशाला आला होता. वय तेहतीस, गुडघे शस्त्रक्रियांनी जर्जर, आणि पाठीवर अर्थातच १० नंबर.

म्हणजे पुन्हा तेच! गाव बदललं, क्लब बदलला, तरी पिर्लोच्या जागेवर पुन्हा बाज्जोच उभा. इंटरमध्ये याचं उत्तर बाक हे होतं. मात्सोने यांनी दुसरं उत्तर काढलं. त्यांनी पिर्लोला तीस-चाळीस पावलं मागे आणलं, बचावफळीच्या थेट पुढे, आणि तिथून खेळ चालवायला सांगितलं.

यात काय झालं ते थोडं उलगडून बघू. पाऊण मैदानावर उभा असलेला खेळाडू चेंडू घेतो तेव्हा बहुतेक वेळा त्याची पाठ गोलकडे असते. प्रतिस्पर्ध्याचे मधल्या फळीतले दोन दणकट गडी त्याच्यावरच सोडलेले असतात. वळायला अर्धा सेकंद मिळतो. तिथे पाय वेगाने चालावे लागतात, आणि पिर्लोचे पाय वेगवान कधीच नव्हते. आता तोच खेळाडू मागे आणा. इथे चेंडू घेताना सगळं मैदान त्याच्या डोळ्यांसमोर. त्याच्या अंगावर येणार कोण, तर प्रतिस्पर्ध्याचे पुढच्या फळीतले खेळाडू, आणि त्यांना मागे पळून चेंडू हिसकावण्याची हौस नसते. दीड-दोन सेकंद मिळतात. ज्याला चेंडू येण्याआधीच तो कुठे द्यायचा हे दिसतं, त्याला दोन सेकंद भरपूर झाले. चाळीस मीटरवरून चेंडू नेमका धावणाऱ्याच्या पायात टाकण्याची त्याची कला पुढच्या चिंचोळ्या जागेत वापरायला वावच नव्हता.

या जागेला इटालियनमध्ये 'रेजिस्ता' म्हणतात. नाटक-सिनेमाच्या दिग्दर्शकालाही हाच शब्द. आपण दिग्दर्शक म्हणतो, कन्नडमध्ये निर्देशक. ही जागा मात्सोने यांनी शोधली असं नाही, इटलीत ती आधीपासून होती. पण तिथे १० नंबरचा हळवा गडी उभा करणं हे धाडसच होतं, कारण तिथे चेंडू गमावला की मागे फक्त बचावफळी आणि गोलकीपर. अशा खेळाडूच्या दोन्ही बाजूंना त्याच्या वाटचं पळणारे लागतात. ब्रेशाकडे ते होते : फिलिप्पीनी नावाचे जुळे भाऊ, आंतोनियो आणि एमान्युएले, ब्रेशाचेच, न थकणारे. त्यांचं नाव पिर्लोच्या गोष्टीत सहसा कुणी घेत नाही.

१ एप्रिल २००१. तुरीनच्या देल्ले आल्पी मैदानावर युव्हेंटस विरुद्ध ब्रेशा. युव्हेंटस १-० ने पुढे, चारेक मिनिटं उरलेली. मैदानाच्या मध्याजवळ पिर्लोकडे चेंडू आला. त्याने मान वर केली आणि बचावफळीच्या डोक्यावरून लांब चेंडू टाकला. तो बाज्जोच्या मागून, खांद्यावरून येत होता. बाज्जोने वेग न मोडता एका स्पर्शात तो पायाशी असा उतरवला की त्याच स्पर्शात गोलकीपर व्हॅन डर सार बाजूला पडला, आणि रिकाम्या जाळ्यात चेंडू ढकलला. हा गोल बाज्जोचा म्हणून प्रसिद्ध आहे आणि त्याचा तो स्पर्श खरोखर अलौकिकच आहे. पण माझं ऐकाल तर ती फीत पुन्हा पाहताना बाज्जोकडे न बघता आधीच्या दोन सेकंदांकडे बघा. दोन 'दहा नंबर' एकाच संघात कसे खेळू शकतात हे त्या दोन सेकंदांत दिसतं.

सामना १-१ असा सुटला. मोसमाच्या शेवटी रोमाचे ७५ गुण आणि युव्हेंटसचे ७३. तो सामना जिंकले असते तर दोघांचे गुण सारखे झाले असते! युव्हेंटसच्या बाकावर त्या दिवशी होते कार्लो आन्चेलोत्ती. विजेतेपद हुकलं आणि युव्हेंटसने त्यांना निरोप दिला.

पिर्लो त्या मोसमात ब्रेशाकडून साखळीत १० सामनेच खेळला. उन्हाळ्यात इंटरने त्याला विकलं, तेही कुणाला, तर त्याच शहरातल्या, त्याच मैदानावर खेळणाऱ्या पिढीजात प्रतिस्पर्ध्याला, एसी मिलानला. किंमत सुमारे ३५ अब्ज लिरा. आणि नोव्हेंबरात मिलानचे नवे प्रशिक्षक म्हणून आले तेच आन्चेलोत्ती.

या आन्चेलोत्तींचा 'दहा नंबर'शी जुना हिशेब होता. १९९७ मध्ये पार्माला असताना त्यांनी बाज्जोला नको म्हटलं होतं, कारण त्यांच्या ४-४-२ च्या मांडणीत त्या जागेला स्थानच नव्हतं. ती चूक होती हे पुढे त्यांनीच कबूल केलं. मिलानमध्ये १० नंबरवर पोर्तुगालचा रुई कोश्ता होता, म्हणजे पिर्लोपुढे तिसऱ्यांदा तोच प्रश्न. आन्चेलोत्ती सांगतात त्याप्रमाणे, या वेळी मागे खेळण्याचा प्रस्ताव पिर्लोनेच मांडला. त्यांना खात्री नव्हती, पण त्यांनी करून पाहिलं. शेजारी पळायला गट्टूसो होता. २८ मे २००३ रोजी मँचेस्टरमध्ये मिलानने चॅम्पियन्स लीग जिंकली, पेनल्टींवर, युव्हेंटसला हरवून. युव्हेंटसचे प्रशिक्षक तेव्हा लिप्पी होते, पिर्लोला उसना देणारे. तीन वर्षांनी बर्लिनमध्ये इटलीच्या बाकावरही लिप्पीच होते आणि त्यांचा सारा संघ पिर्लोभोवती उभा होता. कोणी कोणाची माफी मागितली असेल असं वाटत नाही. व्यवसाय आहे तो.

आणि बारोनियो? तो लाझिओकडून पुन्हा पुन्हा उसना जात राहिला, या क्लबातून त्या क्लबात. पाय चांगले, नजर चांगली, जागाही सुरुवातीपासून तीच. पिर्लोला मात्सोने भेटले, बाज्जो भेटला, आन्चेलोत्ती भेटले, तसं त्याला कुणी भेटलं नाही म्हणा, किंवा त्या दोघांच्या पायांत आपल्याला न दिसणारा काही फरक असेल म्हणा. मी खूप विचार केला, मला ठरवता आलेलं नाही. पिर्लोची गोष्ट सांगताना बारोनियोला वगळलं तर ती फार सोपी होते, एवढं मात्र खरं.

ज्या क्लबने त्याला दोनदा जागा दिली तो १९११ साली स्थापन झालेला ब्रेशा क्लबही आता उरलेला नाही. पैशांच्या अडचणीत २०२५ मध्ये तो व्यावसायिक साखळीतून बाहेर पडला आणि शहराला नव्या नावाने नवा संघ उभा करावा लागला. असो.

हे सगळं मी त्या मुलाला आमच्या कट्ट्यावर बसून सांगितलं. वहिनी अधूनमधून "ऐक, ऐक" म्हणत होत्या, त्यामुळे तो जरा कमीच ऐकत होता. मोबाईलवर तो १ एप्रिलचा गोल दाखवला. त्याने तो चार वेळा पाहिला. मी म्हणालो तसं बाज्जोकडे न बघता मागच्या माणसाकडे पाहिलं की नाही, मला माहीत नाही.

मग म्हणाला, "सर, ते सगळं बरोबर आहे. मागं थांबून पास द्यायला मला पण येतंय. पण त्याच्या बाजूला ते गट्टूसो होतं, ते जुळे भाऊ होते. आमच्या टीममध्ये पळणार कोण? सगळ्यांना पुढंच उभं राहायचंय."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्याच्या सरांना विचार म्हटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी गिरणीकडे जाताना सांगून गेल्या, बूट घेऊन गेलाय म्हणून.